ओतीलियाबाईंच्या कानातला श्वास

ओतीलिया बारांका सोळाव्या वर्षी तंबूत आली ती नटी व्हायला नव्हे, तंबू शिवायला.

नाटकाचा फिरता तंबू होता. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या बाहेर वाऱ्यानं त्याची एक बाजू उभी फाडली. गावात खोगिरं शिवायची जाड सुई एकाच घरी, ओतीलियाच्या आईकडे. आईचा हात भाजलेला होता, म्हणून तिनं पोरीला धाडलं. अठरा हात लांब चीर पोरीनं दोन दिवसांत शिवली. टाका बोटाच्या पेराएवढा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा. मालकानं आत उभं राहून उन्हाच्या बाजूला पाहिलं, एकाही भोकातून तिरीप येत नव्हती. त्यानं विचारलं, आणखी काय येतं? ती म्हणाली, काही नाही. तंबू पुढच्या गावाला निघाला तेव्हा ती गाडीत बसलेली होती.

पहिलं वर्ष तिनं शिवलं, इस्त्री केली आणि पडद्याचा दोर ओढला. तो पडदा भिजला की बैलाएवढा जड होई. तिच्या तळहातांची साल दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. दुसऱ्या वर्षी तिला तबक घेऊन आत जायचं काम मिळालं. तिसऱ्या वर्षी मुख्य नटी एका दातांच्या डॉक्टराबरोबर निघून गेली, तिच्या जागी ओतीलिया आली आणि तबक दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं.

तंबूत दर आठवड्याला नवं नाटक आणि आठवड्याला नऊ प्रयोग. एवढं पाठ कुणाच्या बापाला होणार? म्हणून रंगमंचाच्या पुढच्या काठावर एक चौकोनी खड्डा असे, त्यावर अर्ध्या पिंपाचं टोपण, आणि खाली स्टुलावर, कमरेपर्यंत जमिनीत, फिदेन्सियो मास्तर. मास्तर प्रॉम्प्टर. आधी ते छापखान्यात खिळे जुळवत. मान लांब, आवाज बारीक. ते प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी वाचत, वाण्याची यादी वाचावी इतकं सपाट. रडणं, चिडणं, लाजणं नटानं आपल्या पदरचं घालायचं.

ओरिसाबाला पाच वाजताच्या खेळात ओतीलिया पहिल्यांदा वाक्य विसरून कोरी झाली. समोर सहाशे माणसं. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. तिनं पिंपाच्या टोपणाकडे पाहिलं. मास्तरांचं बोट ओळीवर होतं, तोंड उघडं होतं. पण त्यांनी शब्द दिला नाही. त्यांनी श्वास घेतला. लांब, आत ओढलेला, तिच्याखेरीज कुणाला ऐकू न जाणारा. तिच्या बरगड्या आपोआप उघडल्या, आणि वाक्य आलं, पाठोपाठ पुढची चारही.

खेळ संपल्यावर ती खड्ड्याशी जाऊन भांडली. शब्द का दिला नाहीत म्हणून.

मास्तर कंदील पुसत होते. म्हणाले, "शब्द होता की तुझ्याकडे. श्वास घ्यायला विसरलीस, पोरी."

त्यानंतर तेरा वर्षं ती त्या टोपणाच्या मागेपुढे वावरली. राणी झाली, वेडी झाली, तीनदा विधवा झाली. प्रत्येक खेळाआधी मालक ओरडे: पहिली हाक, दुसरी हाक, तिसरी हाक. तिसऱ्या हाकेला पडद्यामागे सगळे गप्प होत आणि खड्ड्यातून एक खाकरणं येई. ते ऐकलं की तिला वाटे, आता काहीही होवो, खाली माणूस आहे.

मग मोठ्या गावांतल्या दुकानांच्या काचेत टीव्ही आले. माणसं रस्त्यात उभी राहून बघू लागली. कोर्दोबाला एका खेळाला अकरा जण आले, त्यातले चार तिकीट विकणाऱ्याच्या घरचे. मालकानं तंबू एका कॉफीवाल्याला दिला, बिया वाळत घालायला. ओतीलियाचे टाकेही त्यातच गेले.

ती मेक्सिको शहरात आली आणि चॅनेलवर लागली. तेव्हा मालिका थेट दाखवत. आज लिहिलेलं आज बोलायचं. खड्ड्याला तिथे जागा नव्हती, कॅमेऱ्यांना खालून चाकं होती. त्याऐवजी नटांच्या कानात चवळीच्या दाण्याएवढं एक यंत्र घालत, त्याची तार केसांतून पाठीवर सोडत, आणि काचेच्या खोलीत बसलेला एकजण माईकवरून सगळ्यांची वाक्यं सगळ्यांना सांगे. आपलं कुठलं हे ज्यानं त्यानं ओळखायचं. चॅनेलनं त्या खोलीत रेडिओवरचा एक गृहस्थ बसवला होता. तो वाचताना स्वतःच रडे. नटाला रडायला काही उरत नसे.

ओतीलियानं वर जाऊन सांगितलं, माझ्या माहितीत एक माणूस आहे.

मास्तर तिला ट्रामच्या थांब्यावर सापडले, तिकिटं टोचताना. प्रत्येक तिकिटाचा आकडा ते ओठांत पुटपुटत आणि मग टोचत, अर्धा श्वास आधी. तिनं तिकीट पुढे केलं. त्यांनी आकडा पुटपुटला, टोचलं, आणि वर न बघता म्हणाले, "लठ्ठ झालीस."

त्यांच्यासाठी सुतारांनी स्टुडिओच्या भिंतीला वर, लोखंडी जिन्याच्या टोकाशी, फळ्यांची पेटी बांधली. चार फूट बाय तीन, पुढे काच. मास्तर आत बसले आणि म्हणाले, खड्डा वर आला एवढंच. त्या दिवसापासून चौदा नटांच्या कानांत एकच सपाट आवाज वाहू लागला, आणि कुणीही पाठांतर करेनासं झालं. सकाळी येत, दाणा कानात घालत, आणि दुसऱ्याच्या स्वप्नात शिरल्यासारखे दिव्यांखाली चालू लागत.

एकदा घोळ झाला. न्यायाधीश शिक्षा सुनावत होता. त्याच वेळी उपाहारगृहातली बाई मास्तरांचं सूप घेऊन वर आली. माईक चालू आहे हे मास्तर विसरले. न्यायाधीशानं हातोडा आपटला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाला, "तीस वर्षं सक्तमजुरी. झाकण ठेवा, निवेल." आरोपी झालेली नटी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी मंडईत माणसं भाव ठरवून झाला की एकमेकांना तेच म्हणत होती.

चाळिशी ओलांडली तशी ओतीलियाला आज्ज्या देऊ लागले, केसांना पीठ लावून. दोन आज्ज्या तिनं केल्या. तिसरीला पीठ झटकून ती वर गेली आणि दुपारी चारची वेळ मागितली, स्वतः मालिका काढायला. चार वाजता कोण बघतं, म्हणून ती वेळ पडून होती.

"इस्त्री करणाऱ्या बघतात," ती म्हणाली.

"इस्त्री करणाऱ्या कपड्यांकडे बघतात, बाई."

"म्हणूनच. त्यांना ऐकू येईल असं करते."

तोवर मालिका थेट न दाखवता आदल्या दिवशी टेपवर घेऊ लागले होते. तिच्या मालिकेत लांब बोलणं असे आणि मध्ये लांब गप्प असे. शहरभर चार वाजता खिडक्यांतून तीच बोलणी आणि तीच शांतता बाहेर येई, इस्त्रीच्या वाफेसकट. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत चालत गेलं तरी वाक्य तुटत नसे. पहिली मालिका सात महिने चालली, दुसरी अकरा. नटी म्हणून तिला कुणी रस्त्यात ओळखत नव्हतं. आता तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता आणि घराघरात तिचंच चालत होतं. तिला ते आवडे. खड्ड्यात बसलेल्याला काय वाटत असेल ते थोडं कळू लागलं होतं.

कामाला ती कडक होती. पहिल्या दिवशी स्टुडिओत मिस्साची प्रार्थना होई, फादर कॅमेऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडत, आणि त्याला जो नसेल त्याला दुसऱ्या दिवशी काम नसे. दार आपटलं की भिंत हलता कामा नये. खोटी भिंत हलली की बघणारीच्या हातातली इस्त्री थांबते, असं ती म्हणे. म्हणून तिच्या भिंतींना मागून इतरांच्या दुप्पट तिरके टेकू असत. कॅनव्हासवर रंगवलेला समुद्र दोन तुकड्यांत आला तेव्हा जोड तिनं स्वतः शिवला, पेराएवढ्या टाक्यांनी. पंखा लावला की तो समुद्र संथ हलायचा. जेवणाच्या सुट्टीत कामगार त्याच्याकडे तोंड करून बसत, भाकरी खात, कुणी बोलत नसे. आणि टीव्हीवर असली पद्धत नसतानाही चित्रीकरणाआधी ती स्वतः ओरडे: पहिली हाक, दुसरी हाक, तिसरी हाक. मग कानातल्या दाण्यातून सगळ्यांना एक खाकरणं ऐकू येई.

एक खोड तिला होती. लिहिलेलं ती सकाळी बदलायची. पहाटे पाचला उठून, दालचिनीची कॉफी पीत, आदल्या दिवशीची पानं खोडायची. दहाला नवी पानं तयार. ती एकाच प्रतीत निघत आणि थेट पेटीत जात. नटांना द्यायची गरज नव्हती, नट वाचतच नसत. दिग्दर्शकाला ती तोंडी सांगे. शब्द एकाच जागेवरून यायचा, म्हणून कागदही एकाच जागी.

नववी मालिका मिठागरात राहणाऱ्या दोन बहिणींची होती. शंभराव्या भागाच्या सुमारास धाकट्या अम्पारोचं लग्न ठरलं, गावातल्या मिठाच्या व्यापाऱ्याशी. अम्पारोचं काम नोएमी करे, व्यापाऱ्याचं आउरेलियो. चर्चचा देखावा दुसऱ्या स्टुडिओकडून एका दिवसापुरता आला होता. लिहिलेलं होतं की फादर विचारतात आणि अम्पारो "हो" म्हणते. त्या दिवशी पहाटे स्वतःचा झगा इस्त्री करताना ओतीलियाच्या मनात आलं, ही पोरगी हो म्हणणार नाही. शंभर दिवस ती समुद्राकडे बघते आहे, ती हो कशी म्हणेल? तिनं नऊ ओळी लिहिल्या. अम्पारो "नाही" म्हणते, अंगठी परत करते आणि चालत बाहेर जाते.

कागद दहाला पेटीत गेला. दिग्दर्शकाला सांगायला ती निघाली, तेवढ्यात चॅनेलच्या उर्कीदीसाहेबांनी वर बोलावलं. ती वर गेली. सांगायचं राहिलं. ही चूक तिची, आणि ती पुढे कधी नाकारली नाही.

ती खाली आली तेव्हा सुतार शिडीवर चढून चर्चच्या खिडक्या उतरवत होते. नोएमी पायातले बूट काढून बसली होती.

"छान झालं, बाई," नोएमी म्हणाली. "घंटासुद्धा वेळेवर वाजल्या."

"घंटा कशाला वाजल्या?"

"लग्न लागलं ना."

तिनं टेप लावून पाहिली. नोएमी "हो" म्हणत होती. कानात आलं ते ती म्हणाली होती, त्यात तिचा काय दोष? घंटावाल्याला "हो" वर दोर ओढायचा हे आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलेलं. चर्च ट्रकवर चढलं होतं. भाग उद्या चारला जायचा होता.

ओतीलिया लोखंडी जिना चढून गेली. पेटीत मास्तर स्टुलावर बसले होते, कोपर टेबलावर. कोपराखाली नवा कागद, अगदी वर, सुलटा.

"मास्तर, हा वाचता?"

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि अम्पारोचं लग्न म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता, जुनं. ओतीलियानं त्यांच्या हातातला कागद फिरवून उलटा केला. मास्तर वाचतच राहिले.

तिनं कागद काढून घेतला तेव्हा ते थांबले.

"कधीपासून?"

"मोठी अक्षरं दिसतात."

"कुठली मोठी?"

"ट्रामच्या पाटीवरची." मग म्हणाले, "ट्राम थांबलेली असेल तर."

उर्कीदीसाहेबांना संध्याकाळपर्यंत कळलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. टेबलावर एकच पेन्सिल ठेवत आणि ती टोकदार असे. त्यांनी सांगितलं की आंधळ्या माणसाच्या हातात चौदा जणांची जीभ देता येणार नाही. सोमवारपासून दुसरं कुणीतरी बसेल. दिवसाला बावीस पानं व्हायलाच हवीत, एखादा दिवस कमी भरला तर चारची वेळ दुसऱ्याला. त्यांच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं, हेच ओतीलियाला जड गेलं. लग्न झालेला भाग चार वाजता दाखवला गेला. शहरभर इस्त्र्या चालू होत्या.

रविवारी दुपारी ती मास्तरांच्या खोलीवर गेली. एका फरशीच्या चौकाभोवती बारा खोल्या, मध्ये नळ. घरमालकीण पेत्रा दारात घेवडा सोलत बसली होती आणि मांडीवर कागद घेऊन अडखळत वाचत होती. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. एक-एक शब्द बोटानं दाबून ती म्हणे, आणि खोलीत मास्तर भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत. आठ पावलं तिकडे, आठ पावलं इकडे. एका फेरीत एक वाक्य. बावीस पानं म्हणजे साडेतीनशेच्यावर फेऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून नवं. दोन वर्षं हे चाललं होतं. मूळ पानं मास्तर आदल्या संध्याकाळी घरी नेत; सकाळी बदललेलं सूप आणणारी बाई पेटीत वाचून दाखवे, लग्नाच्या दिवशी ती रजेवर होती. फरशीवर पावलांनी फिकट वाट पडली होती, मधोमध, सरळ.

ओतीलिया दारात उभी राहून ते बघत राहिली. ऊन चौकातून हळूहळू सरकत होतं. पेत्रा वाचे, मास्तर चालत, घेवडा भांड्यात पडे, आणि मिठागरातल्या बहिणी त्या खोलीत येऊन जाऊन राहत होत्या, स्टुडिओत येण्याच्या एक दिवस आधी.

"सोमवारी कुणाला बसवताय?" मास्तरांनी चालता-चालता विचारलं. ती आली आहे हे त्यांना पावलांवरून कळलं होतं.

"मारीसेला नावाची मुलगी आहे. तिची नजर चांगली."

"मग चांगलं आहे."

"हे शिकताय कशाला मग?"

"अर्धं झालं होतं," मास्तर म्हणाले आणि भिंतीपाशी वळले.

सोमवारी मारीसेला बसली. आवाज स्वच्छ, एक अक्षर गाळत नव्हती, नवी पानं आली तर चटकन घेई. तरी गाडी चालेना. आउरेलियो प्रेमाचं बोलला ते नगरपालिकेची सूचना वाचल्यासारखं. नोएमीला वाक्याच्या मध्ये धाप लागली, दोनदा बसावं लागलं. दुपारपर्यंत सहा पानं, दिवसअखेर चौदा. मारीसेला जिना उतरून आली आणि सरळ विचारलं, "बाई, मी कुठे चुकले?"

"कुठेच नाही," ओतीलिया म्हणाली, आणि ते खरं होतं. मुलगी तीन महिन्यांत तयार झाली असती. तीन महिने नव्हते. मुलीचा पहिला दिवस म्हणून उर्कीदीसाहेबांनी सोमवार सोडला, पण दुसऱ्याच दिवशी बावीस पानं हवी होती.

काय कमी आहे ते तिला ओरिसाबापासून माहीत होतं. ती पुन्हा मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, मुलगी शब्द देईल, तुम्ही तिच्याशेजारी बसा आणि श्वास द्या. मास्तर म्हणाले, अर्धं काम मी करत नाही. ती म्हणाली, मी गेली आठ वर्षं दहा वाजता पानं बदलते आहे, ते मी सोडते. पानं आदल्या दिवशी दुपारी तुमच्याकडे येतील, मी स्वतः वाचून दाखवीन. तुम्ही सोडा तुमचं थोडं.

मास्तर पुन्हा चालू लागले. पेत्रानं घेवडा उचलला आणि म्हणाली, "ऐका तिचं. माझी जीभ सुजलीय वाचून."

मंगळवारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. पेटी एकाच माणसाची होती. जेवणाच्या सुट्टीत दोन सुतारांनी बाजूची फळी काढली, दीड फूट बाहेर नेली, खालून दोन आडवे टेकू दिले, पस्तीस मिनिटांत. एकही खिळा बाहेर राहिला नाही. दुसरं स्टूल आत गेलं.

पण नट बिथरले. आउरेलियोनं कानातला दाणा काढून हातात धरला. "बाई, एका कानात दोन माणसं? घरी मला एक झेपत नाही."

बाकीचे हसले, पण दाणा कुणी घालेना. उर्कीदीसाहेब जिन्याखाली उभे होते, घड्याळ बघत. सकाळची फक्त पाच पानं झाली होती.

त्या दुपारचं पहिलं दृश्य नवं होतं. झालेलं लग्न मोडायचं होतं आणि त्यासाठी ओतीलियानं एक सासू लिहिली होती. ती एकदाच येणार होती, एवढ्याच दृश्यात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती सुनेच्या खोलीत येते, खिडकीतून समुद्राकडे बघते, आणि सांगते की दार उघडं आहे, तू जा. त्या कामासाठी एका जुन्या नटीला दुपारी बोलावलं होतं.

"तिला आत नका बोलावू," ओतीलिया कुणाला तरी म्हणाली. "शाल द्या."

आठ वर्षं ती दिव्यांखाली उभी राहिली नव्हती. दाणा कानात गेला, थंड. तार मानेवरून खाली उतरली. केसांना पीठ लावायची गरज आता नव्हती. नोएमी पलंगावर बसली आणि तिनंही दाणा घातला, बाई घालतेय तर मी कोण, असं म्हणून.

पहिली हाक कुणी द्यायची, हा प्रश्न पडला. हाक नेहमी तीच देई. आउरेलियोनं दिली. दुसरीही त्यानंच. तिसरीला सगळे गप्प झाले, आणि तिच्या कानात एक खाकरणं आलं.

पंखा सुरू झाला. खिडकीपलीकडे समुद्र हलू लागला, तिच्या स्वतःच्या टाक्यांनी जोडलेला. आत श्वास आला, लांब. तिच्या बरगड्या उघडल्या आणि मग मुलीचा स्वच्छ आवाज, शब्द. ती बोलली. पुन्हा श्वास, पुन्हा शब्द. चार ओळींनंतर दोन माणसं आहेत हे तिला कळेनासं झालं. तिला वाटलं आपण तंबूत आहोत, बाहेर पुएब्लाचा वारा आहे आणि शिवण धरून आहे. नोएमीला धाप लागत नव्हती. तीही त्याच श्वासावर चालली होती.

शेवटचं वाक्य आलं. दार उघडं आहे. ओतीलिया खिडकीकडे वळली. कानात काहीच नव्हतं. श्वास नाही, शब्द नाही. समुद्र हलत होता. ती घाबरली नाही. तिला आठवतं ते एवढंच की वेळ लांब होत गेला, दुपार होते तसा, आणि नोएमीचे डोळे तिच्या पाठीला लागले आहेत हे तिला कळत होतं. मग कानात श्वास आला, पूर्वी कधी आला नव्हता इतका जवळ.

"दार उघडं आहे, पोरी," ती म्हणाली. "मी कडी लावणार नाही."

"पोरी" लिहिलेलं नव्हतं. नोएमी उठली आणि चालत गेली.

दृश्य एका दमात झालं. आउरेलियोनं दाणा कानात घातला. दिवसअखेर तेवीस पानं भरली. उर्कीदीसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि विचारलं, "ती पेटी आता अशीच राहणार का?"

"अशीच."

"मग बाहेरून रंग द्या. नवी फळी दिसते." आणि ते गेले.

ओतीलिया जिना चढून वर गेली. मास्तर स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. मारीसेला कागद लावत होती.

"कसं झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बरं झालं. दाराच्या वाक्याआधी फार वेळ लावलात."

"कुठे?"

"तिथे. मी खिडकीशी उभी. किती उशिरा घेतलात श्वास."

मास्तरांनी मान मारीसेलाच्या दिशेला वळवली. ती म्हणाली, "तिथे मास्तरांनी माझा हात धरला, बाई. मला बोलू दिलं नाही. आणि माईक बंद केला."

"पूर्ण?"

"शेवटपर्यंत."

ओतीलियानं कानाला हात लावला. दाणा अजून तिथेच होता. खाली सुतार खिडकी उतरवत होते आणि पंखा कुणी बंद केला नव्हता म्हणून समुद्र हलतच होता.

"उद्याची पानं झाली?" मास्तरांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग बस लिहायला. दुपार संपत आली."